डावीकडची जागा

गाइडात चार शब्दांपुढे एकच अर्थ छापला होता : एकत्र करणे. गॅदर, एकत्र करणे. कलेक्ट, एकत्र करणे. जॉइन, तेच. युनाइट, तेच. छापणाऱ्याचा ऐन दुपारी डोळा लागला असावा. बारावीच्या वर्गातली गेवराईकडची एक मुलगी ते पान घेऊन टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, चारींचा अर्थ एकच हाय तर इंग्रजांनी चार शब्द कावून केले? काम न्हवतं का त्यांना?"

वर्गात हशा पिकला. मीही हसले, पण मनातून चिडले. तिच्यावर नाही, गाइडवर. गाइड या वस्तूवर माझा जुना राग आहे. चार भाज्या एका पातेल्यात शिजवून वर एकच नाव द्यायचं, असला कारभार. समजावून सांगावं म्हणून मी खडू उचलला, फळ्याकडे वळले आणि तशीच थांबले. खिडकीतून उन्हाचा पट्टा फळ्यावर आला होता. त्यात खडूची धूळ तरंगत होती. ती बघता बघता मला छावणीतली दुपार दिसायला लागली. तिथली धूळ, उसाच्या वाढ्यांचा आंबूस गोड वास, आणि शेजारी शेजारी उभे दोन बैल, एक तांबडा, एक पांढरा. घंटा झाली तेव्हा फळा कोराच होता. मुली म्हणाल्या, मॅडमची तब्येत बरी नाही वाटतं.

त्यातला तांबडा बैल आमचा होता. पांढरा ओढ्यापलीकडच्या काकांचा.

आमचं गाव पालीच्या धरणाच्या वरच्या अंगाला. बाबांची तीन एकर जमीन, काकांची चार. दोघांच्याही घरात दोन बैल पोसण्याची ऐपत नव्हती, आणि एका बैलानं तर कुळव चालत नाही. म्हणून दोघांनी एकेक बैल घालून जोडी केली होती. आमच्याकडे याला वारंगुळा म्हणतात. आज जोडी आमच्या रानात, उद्या त्यांच्या. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून हे असंच चाललेलं होतं, आणि बाबांनी काकांकडून कधी एक दिवस जास्त घेतला नाही की काकांनी बाबांकडून.

जोडी दिसायला विजोड होती. आमचा बुटका, आखूड शिंगांचा, विटकरी रंगाचा. त्यांचा उंच, पांढरा, तोऱ्यात चालणारा. जू तिरकं व्हायचं. पारावरची माणसं हटकून म्हणायची, "सर्कस निघाली बे!" बाबा त्यांच्याबरोबर हसायचे आणि पुढं जायचे. आमचा नेहमी डावीकडे, त्यांचा उजवीकडे. बैल एकदा ज्या अंगाला लागला त्या अंगाला जन्मभर चालतो. मोकळे सोडले तरी हे दोघं आपापली बाजू धरून चालायचे, मधे जू असल्यासारखं अंतर ठेवून.

आता ओट्याचंही सांगितलं पाहिजे. काकांच्या घरी आम्ही ओट्यापर्यंत जायचो. चहा ओट्यावर यायचा, घट्ट दुधाचा, भरपूर साखरेचा. काकू कपबशी खाली ठेवायच्या, मग मी ती उचलायची. त्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही. आमच्या आजोबांनी धर्म बदलला त्यालाही जमाना लोटला होता, आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ बुद्धवंदना होत होती, मी बीडला कॉलेजात जात होते. पण ओट्याच्या आतली पायरी तेवढी तशीच राहिली. त्यावर कुणी बोलत नसे. बैल मात्र सरळ आत जायचा. त्यांचा गोठा घराच्या आत, चौकाच्या पलीकडे होता. आमचा तांबडा उंबऱ्यावरून पाय टाकून डुलत डुलत आत जाई, काकूंच्या हातची पेंड खाई. लहानपणी मला त्या बैलाचा हेवा वाटायचा. हे सांगायला मला आज लाज वाटत नाही.

त्या दुष्काळात मी नुकतीच बीए झाले होते. पुढच्या परीक्षेसाठी कॉलेजच्या लायब्ररीतून एक जाडजूड डिक्शनरी आणली होती, इंग्रजीतून इंग्रजीत अर्थ देणारी. तिला मी खाकी कव्हर घातलं होतं आणि तिच्याशिवाय कुठं जात नव्हते. धरण रोज थोडं थोडं मागं सरत होतं. आमच्या विहिरीत बादली टाकली की पाण्याआधी दगड वाजायचा. गुढीपाडवा झाला आणि दोन्ही घरांचा कडबा संपला. तेवढ्यात धरणाच्या पलीकडच्या बाजूला एका सहकारी संस्थेनं चारा छावणी उघडली. जनावर न्यायचं, तिथंच बांधायचं, चारा-पाणी संस्था देणार. मात्र जनावराबरोबर घरातलं एक माणूस राहिलं पाहिजे.

आईचे गुडघे धरलेले. बाबांना टँकरच्या रांगेत उभं राहायचं आणि शेरडंही बघायची. "तुला वाचायचंच हाय ना, तितं वाच," बाबा म्हणाले. "बैल काय तुला बोलायचा न्हाई." काका गेवराईकडं रस्त्याच्या कामावर गेले होते, म्हणून त्यांच्याकडून काकू निघाल्या. अशा आम्ही दोघी, दोन बैल, दोन तवे आणि एक डिक्शनरी.

धरणाच्या पोटातून जाणारी जुनी गाडीवाट त्या वर्षी उघडी पडली होती. एरवी तिच्यावर दोन पुरुष पाणी असतं. आम्ही सकाळी त्या वाटेनं निघालो. भेगाळलेल्या गाळावर बैलांची पावलं वाजत नव्हती. पायाखाली वाळलेले शिंपले कुरकुरायचे. वर बघितलं की काठाच्या खडकांवर पाण्याची जुनी रेघ दिसे, आमच्या डोक्यांच्या कितीतरी वर. म्हणजे आम्ही पाण्याच्या तळातून चाललो होतो. मी काकूंना तसं म्हणाले.

"मंग दम धरून चाल," काकू म्हणाल्या.

आणि मी खरंच थोडा वेळ श्वास रोखून चालले. पुढं दोन बैल, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांच्या घुंगरांचा आवाज त्या मोकळ्या पोटात घुमून परत यायचा. ती वाट मी नंतर कधी पाहिली नाही. पुढं पाणी आलं, ती परत खाली गेली. पण झोपेत मी अजून तिच्यावरून चालते.

छावणीच्या तोंडाशी संस्थेचा बोर्ड होता, त्यावर एकमेकांत गुंतलेले दोन हात रंगवलेले. बोर्डाखाली एक कारकून यादी घेऊन बसला होता. त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, बैलाच्या कानात नंबराचा बिल्ला मारला आणि रांग सांगितली. काकूंचा बैल पहिल्या रांगेत, पाण्याच्या टाकीजवळ. आमचा शेवटच्या रांगेत, बाभळीपाशी. मधे जनावरंच जनावरं. मी म्हणाले, हे दोन बैल एकत्र असतात. तो म्हणाला, "ताई, यादी गावावरून वस्तीवार आलीय. जसं लिहून आलं तसंच मी बांधतोय." माणूस खोटं बोलत नव्हता. यादी करणाऱ्यानं गावात जशी घरं तशीच नावं उतरवली होती, आमची वस्ती शेवटी. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम न करता जे होतं त्याचा मला जास्त राग येतो, कारण त्यात भांडायला समोर कुणी नसतं.

पहिले दोन दिवस मी त्या नवलाईत हरवून गेले. साड्यांचे आणि ताडपत्र्यांचे मांडव, त्यांच्यातून गळणारं हिरवं-लाल ऊन, शेकडो जनावरांचा एकच श्वास. मांडीवर डिक्शनरी उघडी आणि डोळे मिटलेले. संध्याकाळी पाण्यासाठी दावी सोडली की सगळी जनावरं न सांगता टाकीकडे निघत, इकडून तिकडून, धुरळा उडवत. मी डिक्शनरीत बघितलं. हे गॅदर. ज्याचं त्यानं यायचं, ओढ एकच. आणि सकाळी कारकून रांगांमधून हिंडत कानाचे बिल्ले वाचत एकेक खूण करायचा, ते कलेक्ट. कुणीतरी निवडायचं, मोजायचं, आपल्या हिशेबानं लावून ठेवायचं. मला वाटलं, मी फार हुशार आहे. चार दिवसांत सगळी डिक्शनरी या छावणीत सापडेल.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आपला बैल खात नाही.

वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तसेच पडलेले. पेंडीचं घमेलं पुढं केलं तर त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. रात्रीचं खाल्लं असेल म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती, पण ते शेजारची गाय मान लांब करून खाऊन गेली होती. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी ताप बघितला, पोट दाबलं, जीभ बघितली. "आजार काही नाही," ते म्हणाले आणि पुढच्या म्हशीकडे गेले. बैल पहिल्या रांगेच्या दिशेला तोंड करून उभा असायचा. मधल्या इतक्या जनावरांतून त्याला काय दिसत होतं कोण जाणे. त्याच्या उजव्या बाजूला एक जर्सी गाय होती. तिनं अंग घासलं की तो दाव्याच्या टोकापर्यंत सरकून उभा राही.

पाचव्या दिवशी बाबा आले. त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, बरगड्या मोजल्यासारखा. जबड्याखाली हात धरून बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "दोन दिसांत खाल्लं न्हाई तर बसंल. बसला की मग उठायचा न्हाई."

"घरी नेऊ या," मी म्हणाले.

"घरी काय हाय?"

काही नव्हतं. घरी छपरावरचं गवतसुद्धा शेरडांनी ओढून खाल्लं होतं. हा बैल गेला तर दुसरा येणार नव्हता, आणि जोडी मोडली की काकांचा एकटा बैल काय कामाचा? तीन एकर, चार एकर, दोन्ही रानं पाऊस पडला तरी तशीच राहतील. परत जाताना बाबांनी डोक्याचं उपरणं सोडलं, बैलाचे डोळे पुसले आणि त्याच उपरण्यानं स्वतःचेही पुसले. मी बाबांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी कारकुनाकडे गेले. "ज्याच्या त्याच्या रांगेतच बांधावं लागतं," तो म्हणाला. "एकाला बदलून दिलं की उद्या सगळे येतेत. आमच्या संस्थेत सगळ्याला सारखा न्याय." मग माझा चेहरा बघून जरा मऊ पडला. "पहिल्या रांगेतली मंडळी हो म्हणाली तर आणा तिकडं. माझी ना न्हाई."

पहिल्या रांगेत काकू तिथल्या चार बायकांबरोबर जोंधळे निवडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "काकू, आपला बैल मरंल," असं म्हणाले. आपला म्हणाले, आमचा नाही. काकूंनी सुपातून मान वर केली. बायका सूप सोडून माझ्याकडे बघत होत्या. एक म्हणाली, "हितं जागा कुटं हाय बाई?" जागा होती. दोन बैल मावतील एवढी होती, मला दिसत होती. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग त्या बायकांकडे, मग परत सुपात. "बघू," त्या म्हणाल्या.

मी तरातरा परत आले. एवढी संतापले होते की डिक्शनरी गवताच्या ढिगावर फेकून दिली. ज्या हातांनी त्या बैलाला पेंड चारली त्या हातांना तो मरतोय हे कळत नाही? मग रडले, मग डिक्शनरी उचलून आणली, कारण ती लायब्ररीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचे चेअरमन आणि कुणी साहेब पाहणीला येणार होते. सगळ्यांना मांडवात बसायला सांगितलं. रांगा सोडून रांगेनं बसवलं. हे असेम्बल, मी मनाशी म्हणाले, कामापुरतं आणून बसवणं, काम झालं की उठवणं. चेअरमन चांगलं बोलले. आपण सगळे एक आहोत, आपली दुःखं एक आहेत, एकजुटीनंच दुष्काळ हटेल. टाळ्या वाजल्या. युनाइट या शब्दापुढे लिहायला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. मांडवाच्या मागं, जिथं भाषणाचा आवाज नीट पोचत होता, तिथं माझा बैल तोंड मिटून उभा होता. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्यापासून दूर, पहिल्या रांगेतल्या बायकांमधे, काकू पण वाजवत नव्हत्या. त्या मागं वळून बाभळीकडे बघत होत्या.

भर दुपारी छावणी पेंगत असताना शेवटच्या रांगेत एकदम कुत्री भुंकायला लागली. बघते तर उन्हातून काकू येत होत्या. एका हातात पांढऱ्या बैलाचा कासरा, काखेत गाठोडं, डोक्यावर तवा आणि पिठाचा डबा. सगळ्या रांगा ओलांडून. दोन्हीकडची माणसं उठून बघत होती. काकूंची नजर सरळ समोर होती. माझ्यापाशी आल्या, डबा खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"त्याला तिकडं आणायचं जमंना, म्हणून ह्याला हिकडं आणलं," त्या म्हणाल्या.

कारकून धावत आला. "मावशी, तुमची रांग टाकीजवळची हाय. हितं पाणी लांब पडंल."

"पडू द्या. पाय हायेत मला."

"यादीत काय लिहू?"

"लिव्हायचं ते लिव्हा. बैल हितं खाणार, मी हितं राहणार."

त्या जर्सी गाईच्या मालकाला मी विनवलं, त्यानं गाय पलीकडे हलवली. काकूंनी खुंटा ठोकला आणि पांढरा आमच्या तांबड्याशेजारी बांधला. दोघांनी एकमेकांची तोंडं हुंगली. माझा जीव भांड्यात पडला. मी घाईनं दोघांपुढे वाढे टाकले.

पांढरा खायला लागला. तांबडा नाही. त्यानं वाढ्यात तोंड घातलं, परत काढलं, एक पाय उचलला, ठेवला, अस्वस्थ होऊन दाव्याला हिसका दिला. आम्ही वाट बघितली. सावली हलली तरी तो तसाच. मग मात्र माझा धीर सुटला. मी खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. एवढं करून काही उपयोग नाही, आता तो बसेल. काकूही गुडघ्याला हात लावून खाली टेकल्या. लोकांसमोर सगळ्या रांगा ओलांडून आल्या होत्या त्या. आता परत कोणत्या तोंडानं जाणार?

किती वेळ गेला कळलं नाही. अचानक काकूंनी माझ्या दंडाला धरून मला हलवलं.

"माय! उलटं बांधलं की गं!"

मी डोळे पुसून बघितलं. बाभळीची सावली डावीकडे पडत होती. उन्हातून चालून आलेल्या आपल्या बैलाला सावली मिळावी म्हणून काकूंनी तांबड्याला गाईच्या मोकळ्या झालेल्या जागेत सरकवून पांढऱ्याला तिकडे बांधलं होतं. म्हणजे तांबडा उजवीकडे झाला होता. जन्मभरात तो त्या बाजूला कधी उभा राहिला नव्हता. आम्ही दोघी जन्मभर बैलांत वावरलेल्या, आणि आम्हाला एवढं दिसलं नाही. काकू उठल्या, मी उठले, दोन्ही दावी सोडली. बैलांना फिरवायची गरज पडली नाही. दावं सुटताच तांबडा स्वतःच पांढऱ्याच्या मागून वळसा घालून डावीकडे गेला आणि उभा राहिला. मधे जू असल्यासारखं अंतर ठेवून. त्यानं एक लांब उसासा सोडला. मग खाली मान घातली आणि एक वाढं ओढलं.

त्याच्या चावण्याचा आवाज आम्ही दोघी कान देऊन ऐकत होतो. काकूंना हसू फुटलं, मग मलाही. दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. चार खुंट्यांपलीकडचा एक म्हातारा म्हणाला, "उन्हानं डोकी फिरली पोरींची." काकूंना पोरगी म्हणाला म्हणून आम्ही आणखी हसलो.

त्यानंतरचे दीड-दोन महिने मला सलग आठवत नाहीत. आठवतात त्या दुपारी, एकीत एक मिसळलेल्या. शेजारी शेजारी तीन तीन दगडांच्या दोन चुली. बैलांच्या रवंथाचा आवाज. काकू मला विचारायच्या, "त्या बुकात काय एवढं हाय गं?" मी सांगायची, एकत्र येण्याचे शब्द आहेत, पुष्कळ आहेत, प्रत्येक वेगळा. त्यांना त्याची भारी गंमत वाटायची. परीक्षाच घ्यायच्या. "ताकात पीठ कालवतो त्यो कंचा?" मी म्हणायची, कम्बाइन म्हणता येईल. "आन लगीन?" मी म्हणायची, जॉइनही होईल, युनाइटही होईल, नवरा-बायकोवर आहे. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. मग मी त्यांना सांगितलं की जॉइनमधे दोन्ही गोष्टी आपापल्या राहतात, फक्त एका जागी धरलेल्या असतात, आपल्या बैलांसारख्या.

"मंग तू न मी कंच्या शब्दात?" त्यांनी विचारलं.

मी डिक्शनरीची पानं उलटत राहिले आणि त्या वाट बघून चुलीकडे वळल्या. त्याच आठवड्यात वाऱ्यानं त्यांच्या चुलीत धूळ घातली आणि कालवण वाया गेलं. काकू क्षणभर थांबल्या, मग हात लांब करून माझ्या पातेल्यातलं बेसन आपल्या भाकरीवर घेतलं. मी बघतच राहिले. त्यांनी घास घेतला आणि खाली बघत म्हणाल्या, "छावणीत चालतं."

पाऊस पडला. छावणी उठली. धरणातली वाट ओलसर झाली होती म्हणून आम्ही वरच्या रस्त्यानं परत आलो. जोडी पुन्हा एक दिवस आमच्या रानात, एक दिवस त्यांच्या. पहिल्या पेरणीच्या दिवशी मी बैल पोचवायला काकूंकडे गेले. तांबडा उंबऱ्यावरून आत गेला. मी ओट्यावर उभी राहिले. काकू चहा घेऊन बाहेर आल्या, दाट दुधाचा, आणि कपबशी खाली ठेवली. आमची नजरानजर झाली. मी चहा प्यायले, कप तिथंच ठेवला आणि निघाले. मला त्या दिवशी त्यांचा जेवढा राग आला तेवढा त्या "बघू"चाही आला नव्हता. पुढं मला शिकायला संभाजीनगरला जायचं झालं, तेव्हा निरोप घ्यायलासुद्धा मी ओढा ओलांडला नाही.

मला बीडला नोकरी लागली त्या वर्षी आमचा बैल म्हातारपणानं गेला. उठला नाही, एवढंच. बाबांनी त्याला बांधावर पुरलं. मी सुट्टीत घरी आले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी होती, बाबा अंगणात बसून उगाच दावं वळत होते. तेवढ्यात पांढरा बैल घेऊन काकू आल्या. त्याही वाळल्या होत्या, बैलही.

"हा खाईना झालाय," त्या बाबांना म्हणाल्या. "हितं बांधा. त्याच्या जागंजवळ."

बाबांनी त्याला आमच्या गोठ्यात उजवीकडे बांधलं. डावीकडचा खुंटा रिकामा. कडबा टाकला. बैलानं डावीकडे मान वळवून बघितलं आणि तसाच उभा राहिला. मग बाबा उठले, डावीकडच्या खुंट्यापाशी गेले आणि गव्हाणीकडे तोंड करून तिथं मांडी घालून बसले. थोड्या वेळानं बैलानं खाली मान घातली. तो होता तोवर पुढची दोन वर्षं बाबा रोज सकाळ-संध्याकाळ त्या जागी बसत. पारावरच्या लोकांना पुन्हा हसायला विषय मिळाला.

मी गोठ्याच्या दाराशी उभी होते. मागं वळले तर काकू अंगणात नव्हत्या. त्या आमच्या घरात गेल्या होत्या. चुलीशेजारच्या माठावरचं झाकण त्यांनी स्वतः काढलं, आमचा तांब्या बुडवला आणि उभ्यानं पाणी प्यायल्या. आईचा हात भाकरीवरच थांबला होता. माझा जुना राग वर आला आणि मी बोलू नये ते बोलून गेले.

"काकू, ही छावणी न्हाई."

काकूंनी तांब्या माठावर उपडा ठेवला. पदरानं तोंड पुसलं.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या, आणि आईच्या शेजारी चुलीपुढे बसल्या. "तुझ्या बुकात मिळाला का गं त्यो शब्द?"

मिळाला नव्हता. आजही नाही. काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली.

फळा कोरा राहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि गेवराईकडच्या त्या मुलीला गाइड मिटायला सांगितलं. फळ्यावर जॉइन लिहिलं. मागच्या बाकावरून ती म्हणाली, "मॅडम, लई उजवीकडं लिहिलंत. डावीकडं सगळा फळा रिकामा हाय."

"राहू दे," मी म्हणाले. "तिथं कुणीतरी उभं आहे."